सागवानी दरवाजावरचे पीयू पॉलिश : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या घराचा पुढचा दरवाजा भरीव सागवानाचा असून पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्याच्यापुढे पडवी नसल्यामुळे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाची झड आणि उन्हाळ्यातले कलते ऊन, दोन्ही त्याला थेट लागते. आधीच्या ठेकेदाराने बाहेरच्या दारासाठी चालते असे ठामपणे सांगून त्यावर मेलामाइन पॉलिश मारले होते. मेलामाइन घरातल्या कपाटांना शोभते. उन्हात ते पिवळे पडते, ठिसूळ होते आणि चिरा जाऊन त्याचे पापुद्रे सुटतात. आमच्याकडे नेमके तेच झाले, आणि ठेकेदाराने खापर लाकडावर फोडले याचा राग मला अजूनही आहे, कारण त्या सागवानात खोट काढण्यासारखे काहीही नव्हते.

नंतर दुसऱ्या कारागिराकडून जुना थर पूर्ण खरवडून, १२० पासून ३२० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर मारून, सागाचा तेलकटपणा थिनरने पुसून घेतला आणि हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळून वापरायचे, बाहेरच्या वापराचे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश, लावून घेतले. खर्च मेलामाइनपेक्षा बराच जास्त आला. पहिल्या पावसाळ्यात दर्शनी भाग उत्तम राहिला, थेंब नुसते ओघळून जात. मात्र ऐन आषाढात दार कडीच्या बाजूने चौकटीला इतके घासू लागले की खांदा लावल्याशिवाय उघडेना. एवढे पैसे पाण्यात गेले, असेच तेव्हा माझे मत झाले होते.

सुतार रंधा मारायला निघाला होता, त्याला मी थांबवले. पावसात फुगलेले लाकूड तासले, तर माघात तेच आक्रसते आणि कडेला फट राहते. दिवाळीनंतर दार बिजागऱ्यांतून उतरवून आडवे केले, तेव्हा खरे कारण दिसले : खालची कड पूर्ण कोरी होती. दार उभे ठेवूनच पॉलिश केल्यामुळे तिथे हात पोहोचलाच नव्हता. उभ्या पट्ट्यांची टोके काळवंडली होती आणि नखाने दाबले तर तंतू मऊ लागत होते. लाकडाच्या तंतूंची तोंडे या टोकांशी उघडी असतात, त्यामुळे पाणी तिथून पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने शिरते. आणि आपल्याकडे उंबरठा रोज धुतला जातो, म्हणजे ही कड केवळ पावसाळ्यात नव्हे, बारा महिने ओली होते. शिवाय लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगते, त्यामुळे पाणी खालून शिरले तरी अडकण्याचा त्रास कडीच्या बाजूला जाणवतो.

कड वाळू दिल्यानंतर पातळ केलेल्या पीयूचा पहिला हात दिला, तो लाकडाने बघता बघता पिऊन टाकला. लकाकी टिकेपर्यंत हात देत राहिलो, वरची कडही तशीच बंद केली. त्यासाठी लागलेला माल वाटीभरसुद्धा नसेल. यंदाच्या पावसाळ्यात ते दार एका बोटाने लोटता येत होते, आणि तेव्हापासून पीयूबद्दलचे माझे मत पूर्ण बदलले आहे.

एक तक्रार मात्र राहते. जवसाच्या तेलावर राखलेल्या दाराला ओरखडा गेला, तर तेवढ्याच जागी कापडाने तेल चोळून भागते. पीयूवर तशी डागडुजी बेमालूम होत नाही, अख्खी फळी घासून पुन्हा हात द्यावा लागतो. तरीही तेल आमच्या उन्हापावसात वर्षातून किमान एकदा तरी लावावेच लागले असते, म्हणून हिशेबात पीयूच परवडते. तोरणासाठी चौकटीत ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांभोवती काळी वर्तुळे उमटली होती, तिथे आता पितळी आकड्या आहेत.

पुढचा हात हवा कोरडी झाल्यावर, हलका ३२० नंबर मारून द्यायचा आहे. कारागिराकडून दरपत्रक घेताना ‘दार उतरवून, सहाही बाजूंनी’ एवढे शब्द मी त्यात लिहून घेतले आहेत.