मान धरलीय: गोळी, पट्टा, फिजिओ की थेट एमआरआय?

एप्रिलमध्ये नववीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान डावीकडे वळेना. स्कूटर काढताना मागचं बघायला कमरेतून वळावं लागत होतं. कोथरूडहून कॅम्पातल्या शाळेपर्यंत तशीच गेले, हे आता सांगायचीही लाज वाटते. चार दिवसांत चार सल्ले जमले. आई म्हणाली, उशी काढून टाक. केमिस्टने फारसं न विचारता तीन रंगांच्या गोळ्यांची पुडी बांधली. शाळेतल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, आधी एमआरआय, मग बाकीचं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर स्वतःचा मानेचा जुना पट्टाच आणून दिला. मी सगळंच केलं आणि क्रम चुकवला. ज्यांची मान सध्या धरली आहे त्यांच्यासाठी हे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघते. मी डॉक्टर नाही. वाचलेलं, विचारलेलं आणि भोगलेलं सांगते आहे.

दुखणं नक्की कुठवर जातं?

पर्याय निवडण्याआधी हा प्रश्न, कारण उत्तर बदललं की पर्यायांचा क्रम बदलतो.

मान, खांदा आणि पाठीच्या पात्यापर्यंतच दुखत असेल तर बहुधा स्नायू आणि सांधे आखडलेले असतात. तासन्तास खाली मान घालून काम, फोन, चुकीची उशी, ताण, कमी झोप ही नेहमीची कारणं. २०१४ मध्ये केनेथ हंसराज या अमेरिकन शल्यविशारदाने गणित मांडलं होतं की साडेचार-पाच किलोचं डोकं ६० अंश पुढे झुकवलं तर मानेवर साधारण २७ किलोचा भार येतो. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण ते संगणकावरचं गणित आहे. फोनने मणका मोडतो असा त्याचा अर्थ नाही. एकाच स्थितीत दोन तास बसणं हे मला जास्त मोठं कारण वाटतं. उत्तरपत्रिकांना काही चार्जिंग लागत नाही, तरी मान धरलीच ना. आणि हो, ‘हेल्मेटमुळे मान दुखते’ हा आपला पुणेरी युक्तिवाद. सैल, जड हेल्मेट त्रास देतं हे खरं, पण मग मापाचं घ्या. डोकं फुटलं तर मानेची तक्रार करायला कोण उरणार?

कळ खांद्यातून हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर नस दबल्याची शक्यता असते. मानेचे मणके सात. त्यातल्या खालच्या मणक्यांमधून निघणाऱ्या नसा जास्त दबतात. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर सहावी नस, मधल्या बोटाकडे असतील तर सातवी, असा ढोबळ अंदाज डॉक्टर बांधतात. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल तर तेही त्यांना सांगा, कारण ती नसेच्या दुखण्याची एक खूण आहे.

तिसरा प्रकार घरी बसून ठरवण्याचा नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, हाताची ताकद कमी होते आहे, लघवीवरचा ताबा जातो आहे. ताप येऊन मान ताठ झाली आहे. अपघातानंतर मान दुखते आहे. कॅन्सरचा इतिहास आहे किंवा वजन उगाच घटतं आहे: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. मानेबरोबर छाती, जबडा, डावा हात दुखून घाम फुटला तर १०८ लावा. तो मानेचा मामला नसूही शकतो.

गोळी आणि पट्टा

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी पहिले तीन-चार दिवस सुसह्य होतात. तेवढ्यासाठी त्या चांगल्याच. पण पोटात जळजळ, किडनीवर भार, आणि बीपीची गोळी चालू असेल तर त्यात ढवळाढवळ. साठीपुढच्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. त्या मानाने वरून लावायचं जेल कमी उपद्रवी. पुडीतली तिसरी गोळी बहुतेक वेळा स्नायू सैल करणारी असते आणि तिने झोप येते. ती घेऊन मी कर्वे रोडवर स्कूटर चालवली. तुम्ही तसं करू नका.

पट्ट्याबद्दल माझं मत बदललं. नुसत्या आखडलेल्या मानेला पट्टा म्हणजे आयतं बसायला पाट देणं. स्नायू आणखी आळशी होतात. मात्र हातात कळ जाणाऱ्या ताज्या दुखण्यात तो उपयोगी पडतो. नेदरलँड्समध्ये अशा २०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा आणि विश्रांती घेणाऱ्यांना, तसंच फिजिओथेरपी घेणाऱ्यांना, सहा आठवड्यांत नुसतं थांबलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला. सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गट सारखेच होते. म्हणजे पट्टा सुरुवातीचा कठीण काळ सोपा करतो, आणि तोही डॉक्टरांनी सांगितला तर, ठरावीक दिवसच. काकांनी चार वर्षं घातला होता.

फिजिओ: मशिन की व्यायाम?

इथे पुणेकरांचे सर्वात जास्त पैसे जातात, म्हणून जरा थांबते. मी आधी ज्या क्लिनिकला गेले तिथे दहा दिवस शेक आणि विजेच्या मशिनचे चिमटे लावले. बरं वाटायचं. घरी पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्ये ते उतरायचं. दहा दिवसांत कुणी एकही व्यायाम शिकवला नाही. दुसरीकडे गेले, तर तिथल्या मुलीने पहिल्याच दिवशी आरसा समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायला शिकवलं, खांद्याची पाती मागे आवळायला लावली, कपाळावर तळवा ठेवून मान न हलवता दाब द्यायला सांगितलं. ‘रोज थोडं थोडं, पण पाच-सहा वेळा करा, आणि पंधरा दिवसांनी दाखवा,’ एवढंच तिचं म्हणणं. पैसेही कमी गेले.

हा फक्त माझा अनुभव नाही. अमेरिकेत २७२ जणांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला. एका गटाला औषधं, दुसऱ्याला प्रशिक्षित व्यक्तीने मान हाताने झटका देऊन मोकळी करण्याचे उपचार, तिसऱ्याला तासाभराच्या दोन भेटींत शिकवलेला घरचा व्यायाम. झटके औषधांपेक्षा सरस ठरले, पण घरचा व्यायाम बहुतेक वेळा झटक्यांच्या बरोबरीनेच चालला. दोन भेटी! फिजिओ निवडताना म्हणून एकच विचारा: घरी काय करायचं ते शिकवणार का?

आणि झटक्यांचा विषय निघालाच आहे तर, सलूनमध्ये चंपीनंतर कडकन मान मोडून घेणं बंद करा. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होणं दुर्मीळ आहे, पण होतं.

तेल, बस्ती, आसनं

ग्रीवाबस्तीत मानेवर उडदाच्या पिठाचं पाळं करून त्यात कोमट औषधी तेल काही वेळ धरून ठेवतात. रास्ता पेठेतल्या ताराचंद रुग्णालयासारख्या जुन्या ठिकाणांमुळे पुण्यात आयुर्वेद हा काही परका पर्याय नाही. मला बस्तीने छान सैल वाटलं, झोप लागली. माझ्या दृष्टीने तिची जागा शेकाच्या शेजारी आहे: सैल झालेल्या मानेला लगेच व्यायाम दिला तर फायदा, नाहीतर फक्त तेलाचा वास.

योगाच्या बाबतीत आपण नशीबवान. शिवाजीनगरला १९७५ पासून अय्यंगारांची संस्था आहे, आणि भिंत, दोर, खुर्ची, लोड यांच्या आधाराने आसन करण्याची त्यांची पद्धत दुखऱ्या माणसाला मानवते. जर्मनीत ५१ जणांवर नऊ आठवड्यांचा प्रयोग झाला, तोही अय्यंगार पद्धतीचाच. जुनाट मानदुखीत योगवर्गाला जाणारे पुस्तिका बघून घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे राहिले. शिक्षक समोर असण्याचाही त्यात वाटा असणारच, आणि ५१ हा आकडा लहानच. तरी ज्यांना घरी एकट्याने व्यायाम होत नाही (मी त्यातलीच), त्यांनी वर्ग लावावा. दुखणं असताना शीर्षासन, सर्वांगासन, हलासन मात्र नको. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

एमआरआय

गणिताच्या बाईंचा सल्ला मी शेवटी ऐकला. रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी ‘बल्ज’, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती फुगलेली, निघाला आणि मी रात्रभर जागी. ‘मणक्यात गॅप’ हे शब्द घरात फिरू लागले. नंतर कळलं की जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्क्यांमध्ये चकती फुगलेली दिसली. विशीतल्या बहुसंख्यांमध्येसुद्धा. २०१५ चा अभ्यास आहे. ज्याला आपण सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो ती झीजही अशीच, केस पिकावेत तशी वयाबरोबर येते.

म्हणून आधी सांगितलेला तिसरा प्रकार असेल, हाताची ताकद जात असेल किंवा सहा आठवडे नीट व्यायाम करूनही हातातली कळ हटत नसेल, तर एमआरआय जरूर काढा. नुसती मान धरली आहे म्हणून काढू नका. ऑपरेशनचंही तसंच. मज्जारज्जू दबला असेल तर टाळाटाळ महाग पडते. एखादीच नस दबली असेल तर बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं, तेव्हा कुणी घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

उशीचं राहिलंच. आईचं अर्धं बरोबर होतं. दोन उशा जास्तच होत्या, पण पूर्ण काढल्यावर कुशीवर झोपताना मान खाली लोंबायची. आता खांद्याची रुंदी भरून निघेल एवढी एकच घेते, आणि पालथं झोपणं सोडलंय. उत्तरपत्रिका आता टेबलावर उतरता पाट ठेवून तपासते. वीस झाल्या की उठायचं, असा नियम केलाय. पंचविसाव्यापर्यंत जातेच, पण उठते.