भारतनेट की पीएम-वाणी: गावाला आधी काय हवं?

2011 साली मंजूर झालेली आणि 2015 पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर, म्हणजे वेगवान इंटरनेटची केबल, न्यायला निघाली. काम मोठं आणि गरजेचंच. पण मूळ आराखड्यात केबल पंचायतीशी येऊन थांबते. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावकडे एकेका ग्रामपंचायतीचे पाडे डोंगरभर विखुरलेले असतात. तिथल्या मजूर बाईने इंटरनेटसाठी दिवसाची मजुरी बुडवून खाली यायचं का? नकाशा आखतानाच हे विचारायला हवं होतं.

डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची योजना दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. किराणावाला किंवा चहावाला परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. दुकानदार ओळखीचा असतो. फॉर्म कुठे उघडायचा हे त्याला विचारताना कमीपणा वाटत नाही. मला ही बाजू फार मोलाची वाटते. अडचण एकच, पण मोठी: दुकानात आधी चांगली जोडणी लागते, आणि दुर्गम भागात त्यासाठी फायबरच भरवशाचं.

म्हणून पैसा आधी फायबरला द्यावा. मात्र पंचायतीच्या पुढे ते कुठे न्यायचं, हे पाड्यावरच्या बायकांना विचारून ठरवावं.