नागोयाचं टोयोटा संग्रहालय: गाड्यांआधी माग बघा

वाहन उद्योगातली आपली माणसं जपानमधल्या नागोयाला गेली की टोयोटाच्या उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालयात हमखास डोकावतात आणि थेट गाड्यांच्या दालनाकडे सुटतात. तसं करू नका. वेळ कमी असेल तर गाड्या धावत बघा, पण कापड विणणाऱ्या मागांचं दालन निवांत बघा. मी चाकणच्या एका व्हेंडर (सुटे भाग पुरवणाऱ्या) कंपनीत उत्पादन नियोजन सांभाळते आणि माहेर इचलकरंजीचं, त्यामुळे दोन्ही दालनं मला घरचीच वाटली. तरी हे मत माहेराच्या ओढीने बनलेलं नाही.

लाल विटांच्या ज्या इमारतीत हे संग्रहालय 1994 साली सुरू झालं, तो टोयोटा समूहाचे जनक आणि मागांचे संशोधक साकिची टोयोदा यांचा जुना सूतकताई-विणकामाचा कारखाना. आत यंत्रं नुसती मांडून ठेवलेली नाहीत, कर्मचारी ती चालवून दाखवतात. 1924चा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग चालताना बघितला आणि माझे पाय तिथेच थबकले. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपत आलं की माग वेग न सोडता नवा धोटा घेतो. उभा धागा तुटला की स्वतःहून थांबतो. आमच्या गल्लीतल्या मागांवर तुटलेला धागा विणकराच्या नजरेस पडेपर्यंत कापडात दोष उतरत जायचा, आणि पुढे व्यापारी त्या ताग्याचे पैसे कापायचा. इथे नजर ठेवायचं काम मागच करतो, म्हणून एक कामगार तीसेक माग सांभाळू शकायचा. या मागाचे हक्क इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने 1929मध्ये एक लाख पौंडांना घेतले.

टोयोटाच्या आजच्या असेंब्ली लाइनचं मूळ इथे आहे. दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. सदोष माल पुढच्या टप्प्यावर जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडे लाइन थांबवणाऱ्याकडे सगळे गुन्हेगारासारखं बघतात. मागासमोर उभं राहिलं की त्यातली चूक आपोआप कळते.

गाड्यांचं दालन मोठं आहे. साकिचींचा मुलगा किइचिरो यांनी 1933मध्ये माग बनवणाऱ्या कंपनीतच मोटारींचा विभाग उघडला, तिथपासून 1936च्या ‘एए’ गाडीपर्यंतचा प्रवास, पुढे प्रेस, वेल्डिंगचे रोबो, ओतकाम आणि फोर्जिंगची प्रात्यक्षिकं. ‘लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच’ हा आग्रह किइचिरोंचा. त्याला रोजच्या कामाची शिस्त दिली ताइइची ओनो यांनी, आणि तेही 1943मध्ये कापडाच्या कंपनीतूनच मोटारींकडे आलेले. पुढच्या टप्प्याने कार्ड पाठवायचं, मागच्याने तेवढाच माल द्यायचा.

पुरवठादारांची खरी कसोटी मात्र कुठल्याही दालनात मावणारी नाही. म्हणून जाण्याआधी 1 फेब्रुवारी 1997ची गोष्ट वाचून जा. त्या पहाटे टोयोटाची पुरवठादार असलेल्या आयसिन सेइकीच्या कारिया कारखान्यात आग लागली. ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह टोयोटा जवळजवळ पूर्णपणे तिथूनच घेत होती आणि हाताशी साठा होता काही तासांचा. जपानमधलं बहुतेक उत्पादन ठप्प झालं. मग साठहून अधिक कंपन्या तो व्हॉल्व्ह बनवायला बसल्या. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरही होती. सुमारे आठवडाभरात गाडं जवळपास रुळावर आलं. इतक्या कंपन्या हाकेला आल्या त्या वर्षानुवर्षं जपलेल्या नात्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या दर वर्षी भाव पाडून घेण्याने असं घडत नाही.

जपानमधल्या 2011च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांच्या खालच्या फळीपर्यंतची माहिती गोळा केली आणि चिपसारख्या वस्तूंचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. म्हणूनच 2021च्या सुरुवातीला इतरांच्या लाइन चिपअभावी थांबत असताना ती बराच काळ तग धरून होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिलाही जागतिक उत्पादन 40 टक्क्यांनी कमी करावं लागलं, हेही खरं. पण साठा शून्य ठेवणं हा इथे कधीच धर्म नव्हता. आपल्याकडे काही कंपन्या स्वतःचं स्टोअर रिकामं करतात, तो माल व्हेंडरच्या शेडमध्ये पडून राहतो, आणि वर सांगतात की आम्ही टोयोटाची पद्धत आणली. व्हेंडरच्या बाजूला बसून सांगते, हे नुसतं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं आहे.

जायला सोपं आहे. मेइतेत्सु रेल्वेने नागोयाहून एक स्टेशन पुढे साको, तिथून चालत तीन-चार मिनिटं. सोमवारी बंद असतं. माहितीफलक इंग्रजीतही आहेत. एक अख्खा दिवस ठेवा, प्रात्यक्षिकांच्या वेळा आल्या आल्या विचारून घ्या.

जुलै 2024मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. वाळूज-शेंद्र्याच्या ज्या उद्योजकांना तिथे माल द्यायची इच्छा आहे, त्यांनी तर जावंच. आणि जाताना फक्त मार्केटिंगवाल्याला नेऊ नका. स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्यांचंही तिकीट काढा.