बावीस पानांचा 'ग्राहक अभ्यास'

फोंड्याजवळ, कवळ्याच्या वाटेवर आमचं घर आहे. सासूबाई आणि मी मिळून भिरंडांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं आगळ (मीठ घातलेला रस), सोलां (वाळवलेल्या साली) आणि आंब्याची साटां (आंबापोळी) करून विकतो. आमचं वर्ष मे महिन्यावर चालतं. पाऊस लागायच्या आत सोलांना पुन्हा पुन्हा रसात घालून ऊन दाखवावं लागतं. त्याच धांदलीत 'ग्राहक अभ्यास' विकणारा एक माणूस अंगणात आला. यंदा तो बचतगटाच्या बायकांना गाठतोय असं कानावर आलं, म्हणून हे लिहिते आहे.

बोलणं अतिशय अदबीचं, वाक्यागणिक 'ताई'. "माल चांगलाय ताई, पण तो घेतं कोण, हे कधी पाहिलंत का?" खरंच पाहिलं नव्हतं. तिथेच मी त्याच्या हाती लागले. पंधरा हजारांत तो ग्राहकांचा अभ्यास करून देणार होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "आमचें गिरायक कोण तें तुका खबर ना?" मी त्यांनाच गप्प केलं. त्याची खंत पैशांपेक्षा जास्त आहे.

दहा दिवसांत बावीस पानांचा अहवाल आला. रंगीत आलेख, टक्केवारी, आणि निष्कर्ष असा की आमचा ग्राहक म्हणजे कळंगुट-बागा किनाऱ्यावर येणारा तरुण पर्यटक. या दहा दिवसांत तो आमच्या एकाही गिऱ्हाइकाशी बोलला नव्हता. कुरियरच्या पत्त्यांची वहीसुद्धा त्याने मागितली नाही. अभ्यास कसला, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

मग आठ हजार गूगलवर दुकान दाखवण्याचे आणि रिव्ह्यूंचे, बारा हजार फॉलोअर वाढवण्याचे. एकूण पस्तीस हजार गेले. गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, हे मला नंतर कळलं. ती त्याने स्वतःच्या ईमेलवर केली, म्हणजे आमच्या दुकानाचा मालक तो. फॉलोअर हजारोंनी वाढले, पण त्यांतला एकही आगळ विचारेना. उलट, विकत आणलेली ही माणसं पोस्टला दाद देत नाहीत, म्हणून ती पोस्ट खऱ्या गिऱ्हाइकापर्यंतही पोचेनाशी होते.

रिव्ह्यूंनी तर लाज काढली. 'समुद्रासमोर बसून मस्त सरबत प्यायलो,' असं तिघांनी लिहिलं होतं. कवळ्याला समुद्र कुठला! कोल्हापूरहून शांतादुर्गेच्या दर्शनाला आलेलं एक कुटुंब ते वाचून अंगणात आलं आणि इकडेतिकडे बघत उभं राहिलं. त्यातल्या आजींनी रिव्ह्यू वाचून दाखवला तेव्हा मला मान वर करवेना. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्येच ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय, आणि विकतचे रिव्ह्यू त्यात बसत नाहीत. मला त्याचा पत्ताच नव्हता.

गणेश चवथीच्या आधी एका प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर नेवऱ्या (करंज्या) विकणारी बाई भेटली. तिच्याकडेही तोच अहवाल. तीच पानं, तीच टक्केवारी, फक्त दुकानाचं नाव वेगळं. मी त्याला फोन केला, तर गूगलची नोंद परत हवी असेल तर आणखी पाच हजार द्या म्हणाला. त्यानंतर फोन उचललाच नाही.

नोंद आम्ही स्वतः सोडवली. गूगलकडे मालकीची मागणी नोंदवता येते. ती आधी सध्याच्या मालकाकडे जाते. त्याने ठरावीक दिवसांत उत्तर दिलं नाही, तर पुढे पडताळणीचा मार्ग मिळू शकतो. आम्ही रस्ता, पाटी आणि आतली बरणी-बाटल्यांची फळी यांचा व्हिडिओ काढून दिला. पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण मध्ये महिने गेले होते आणि रक्कम परत आली नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच तासात फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता आले तरच उपयोग.

नंतर सासूबाई आणि मी ती वही घेऊन बसलो आणि एकेकाला फोन लावला. बहुतेक जण मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा कुलदेवतांच्या दर्शनाला येणारे निघाले, मुंबई, बेळगाव, कारवार इकडचे. पहिली बाटली प्रवासात घेतलेली, पुढच्या कुरियरने मागवलेल्या. मोठी बाटली बॅगेत गळते म्हणून कितीतरी जण रिकाम्या हातानं जात होते. आणि आगळ म्हणजे गोड सरबत समजून पाण्यात घालणारे किती होते! खारट लागलं म्हणून पुन्हा न आलेले. आता आम्ही छोट्या बाटल्या भरतो आणि लेबलावर मोठ्या अक्षरांत लिहितो: 'यात मीठ आहे, साखर नाही. सोलकढीसाठी.' हे कळायला दोन दुपारी आणि फोनचा खर्च लागला.

तो माणूस पुन्हा कुणाच्या दारात आला, तर त्याला आधी विचारा, 'आमच्या कोणत्या गिऱ्हाइकांशी बोललात?' आणि अहवाल हातात पडलाच असेल तर नववं पान उघडा. माझ्या आणि त्या नेवऱ्यावाल्या बाईच्या, दोघींच्या प्रतीत तिथे एकच वाक्य आहे: 'ग्राहकांची मुख्य तक्रार आइस्क्रीम लवकर वितळण्याची आहे.'