उंच केलेली जिप्सी की उंच केलेली थार: घरच्या घरी कोणती सांभाळता येईल?

गाडी उंच करायची ठरली की सगळी चर्चा इंचांवर अडकते. दोन इंच की चार? खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: दर महिन्याला गाडीखाली कोण शिरणार आणि तिथे त्याला स्वतःच्या हाताने काय करता येणार? मारुती जिप्सी आणि 2020 नंतरची महिंद्रा थार इथे पार वेगळ्या वाटेने जातात.

जिप्सी पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सलवर आणि पाट्यांवर उभी आहे: डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच दांडा आणि पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. वजन टनाच्या आसपास, म्हणून दोन टनी ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या (जॅक स्टँड) पुरतात. थारचा मागचा अ‍ॅक्सल सरळ आहे, पण पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्र धरणारे दोन आडवे हात) आणि कॉइल स्प्रिंग. वजनही पावणेदोन टनांकडे झुकतं, तेव्हा जॅक तीन टनी घ्या. उंच गाडीखाली जॅक पुरत नाही म्हणून विटा रचणारे बरेच भेटतात. वीट भाराखाली फुटते. रुंद लाकडी ठोकळा घ्या, आणि घोडी लावल्याशिवाय खाली शिरू नका.

जिप्सी उंच करायचा सर्वांत स्वस्त मार्ग लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), आणि तोच सर्वांत वाईट. शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उठते, वर पुढचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) बिघडतो आणि स्टिअरिंग भटकायला लागतं. जास्त कमानीचे पाटे हा सरळ उपाय. अ‍ॅक्सलच्या वर पाटे घेतले तर पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, पण मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारी दांडी) इतकी तिरकी होते की खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप वळतं. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करू नये.

उंच जिप्सीचा नेहमीचा आजार म्हणजे ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडणं. लोक लगेच स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) बसवतात. त्याने आजार झाकला जातो, बरा होत नाही. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (चाक जिच्याभोवती वळतं त्या खुंटीचं) बेअरिंग. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाचा सांधा). पाच मिनिटांत दुखणं सापडतं.

दुसरा आजार प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा). अ‍ॅक्सल खाली गेला की क्रॉसचे (शाफ्टच्या सांध्यांचे) कोन वाढतात आणि वेग घेताना गाडीखाली घरघर सुरू होते. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) फ्लँज म्हणजे जोडचकती आणि अ‍ॅक्सलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. मोबाइलच्या कोनमापकाने तपासता येतं. फरक असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवायची. एकदा सोडलेले यू-बोल्ट परत वापरू नका. ते ताणलेले असतात.

थारकडे वळलं की कामाचं स्वरूप पालटतं: हात कमी, डोळे जास्त. पुढचा डिफरन्शियल चासीला जखडलेला असतो, त्यामुळे गाडी जितकी उंच तितके ड्राइव्ह शाफ्ट तिरके. पहिला बळी शाफ्टच्या सांध्यावरचा रबरी बूट. स्टिअरिंग पूर्ण वळवून बुटाच्या घड्या उघडा आणि खाचेत टॉर्च मारा. भेग नेहमी खाचेत पडते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसची काळी रेघ दिसली तर बूट आधीच फाटलेला आहे, आणि चिखल आत गेला की जॉइंट टिकत नाही. स्पीडब्रेकर उतरताना वरून ‘ठक्’ आलं तर चाक लोंबकळताना सस्पेन्शन वरच्या टोकाला आदळतंय. म्हणजे गाडी उंच करायला स्प्रिंगवर बसवलेला स्पेसर (चकती) जास्त जाड झाला.

स्पेसरचं गणितही शॅकलच्या उलट: विशबोनच्या तरफेमुळे एक इंच स्पेसरने चाकाशी एक इंचाहून जास्त उंची येते. म्हणून थार दीड-दोन इंचांवर थांबवावी. कॉइल दाबून काढायचं काम घरी नको. निसटलेली स्प्रिंग हात तोडू शकते. अलाइनमेंटलाही बाहेर जावंच लागतं. विशबोनच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळले ना, हे बसवणाऱ्याला विचारा. गाडी हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

रोज हायवेने ये-जा आणि महिन्यातून एखादा ट्रेल असेल तर थार घ्या. गाडीखाली लोळायची हौस असेल, ग्रीसगन आणि पाने घरी असतील, तर जिप्सी. पण 2019 पासून नवी जिप्सी बाजारात नाही, म्हणजे घ्याल ती जुनीच. चासीवर, विशेषतः मागच्या शॅकलच्या माउंटिंगजवळ, हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आला तर आत गंज आहे, सौदा सोडा.

कायद्याचं दोघींनाही सारखंच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलाला आडवं येतं, अपघातानंतर विम्याचा दावाही अडू शकतो. पैसे देण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

कोणतीही गाडी उंच केल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला आणि पुन्हा पाचशेला सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. चाकं लोंबकळत ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून ब्रेक होज ताणला जातोय का बघा. नाला ओलांडलात तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा खालचा प्लग किंचित सैल करा: आधी पाण्याचा थेंब आला, किंवा तेल दुधाळ निघालं, तर ते काढून नवं भरा आणि ब्रीदरची (डिफरन्शियलची हवा ये-जा करणारी) नळी बॉनेटपर्यंत वर न्या.