खारेपाटावरचं पुस्तक: सुटं परीक्षण की परीक्षण-लेख?

अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या खारबंदिस्तीवर (बांध घालून भरतीचं पाणी अडवून केलेल्या शेतीवर) इतिहासाचं पुस्तक आलं, तर ते परिसर-अभ्यासकाच्या टेबलावर पोचवायचं कसं?

सुटं परीक्षण एका पुस्तकाचं, साधारण 800 ते 1,000 शब्दांचं. ते बहुधा त्याच विषयाच्या नियतकालिकात छापून येतं, आणि घोडं तिथंच अडतं. खोत, कूळ, 1933 ते 1939 चा चरी गावच्या कुळांचा खोतांविरुद्धचा संप हे इतिहासवाल्यांना ठाऊकच असतं. कांदळवनाच्या अभ्यासकाच्या हाती तो अंक क्वचितच पडतो. उपाय एकच: परीक्षण दुसऱ्या विषयाच्या नियतकालिकाला द्यावं आणि पहिल्या दोन परिच्छेदांत परिभाषा फोडून सांगावी. उघाडी म्हणजे ओहोटीला आतलं पाणी सोडणारं, भरतीला मिटणारं बांधातलं दार. एवढं वाक्य गाळलं की पुढचा वाचक गळालाच.

परीक्षण-लेख 3-4 पुस्तकं शेजारी ठेवतो, 3,000-4,000 शब्द घेतो. त्याची खरी ताकद शब्दांच्या टकरीत आहे. बांधाला खांड पडली, खारं पाणी शिरलं, कांदळ वाढलं: वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे पुनरुज्जीवन, शेतीच्या पुस्तकात नापीक झालेलं भाताचं शेत. दोन्ही शेजारी आल्याशिवाय हा पेच दिसत नाही. धोका असा, की लेखक स्वतःचंच घोडं दामटतो नि पुस्तकं तळटीपेत जातात. शिवाय लेख लिहून होईतो पुस्तक जुनं.

नव्या संशोधकानं सुट्यापासून सुरुवात करावी, पण परक्या अंगणात. लेख मात्र दोन्ही परिभाषा अंगवळणी पडल्यावरच.