शर्यतीच्या वळूकडं गाय न्यायची असेल तर (आटपाडी भाग)

या वळूच्या गोठ्याला पाचपैकी साडेतीन स्टार देतोय. दीड का कापला ते खाली येतंय, नुसता आकडा बघून फोन लावू नका.

आटपाडीच्या अलीकडं माळावर गोठा आहे, नाव लिहीत नाही, शर्यतीच्या नादातल्या माणसाला कळंलच. दारात मोठा फ्लेक्स, खिलार वळूचा फोटो, खाली बक्षिसाच्या ढाली अन गदा मांडलेल्या. वळू स्वतः मैदानं मारलेला, आता पळवायचा बंद करून पैदाशीला ठेवलाय. एका वेळेचे पाच हजार, गाय उलटली, म्हणजे गाभ राहिला नाही, तर पुढच्या माजाला फुकट. आता सरकारी दवाखान्यात खिलारची कांडी, म्हणजे गाय भरवायची वीर्याची नळी, त्याच्यापुढं किरकोळ पैशात पडते मग एवढे कशाला असं घरातले विचारणारच, आमच्यात पण विचारलं, पण नादाला कोण हिशोब लावतंय.

चांगलं आधी. वळू बघायलाच जावं असा आहे, वशिंड आवळ, खूर काळे अन बंद, मागचे पाय असे की उभा असला तरी आता उडी टाकंल असं वाटतंय. मारका नाही. दोन कासऱ्यांवर आणला, गडी शिव्या न देता हळू बोलवत होता अन वळू ऐकत होता, हे मला लई आवडलं कारण शर्यतीच्या खोंडाचा स्वभाव पोरात उतरतो अन शर्यत सुटायच्या झेंड्याला उभा न राहणारा खोंड कितीबी पळणारा असूदे, ड्रायव्हरला रडवतो. गाय अडकवायचा खोडा मजबूत, खाली रबरी मॅट टाकलेली, गाय घसरली नाही. मालकानं आधी गाय बघितली, माज कधी दिसला विचारलं, घाई केली नाही.

आता दीड स्टार.

मी विचारलं, वळूची आई कुठली? तर म्हणाले खरसुंडीच्या पौष यात्रेत घेतलेला, आदत असताना, म्हणजे दुधाचे दात पडायच्या आधी. बरं, बाप? बाप पण पळणारा होता म्हणतेत. म्हणतेत! पाच हजार घेताय अन आईचा पत्ता नाही. पोरात निम्मं रक्त आईचं असतंय की. म्हसवडचा हाय का आटपाडी महालातला, आई शेतकऱ्याच्या दावणीची का मेंढपाळ थिल्लारी लोकांच्या खिलारातली, म्हणजे कळपातली, काहीतरी कळायला नको? जुन्या माणसांच्या डोक्यात चार-चार पिढ्या असायच्या, कुणाच्या गाईचा खोंड कुणी नेला ते सांगायचे, ती माणसं गेली अन वही कुणी घातलीच नाही.

मी फोनवर अमेरिकेतल्या रोडिओच्या घोड्यांचं लई बघतो. घोड्यावरनं वासराला फास टाकायचा, नाहीतर तीन पिंपांना वळसे घालून टायमात परत यायचं, असले खेळ. तिथं क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे जास्त, त्यांची संघटना १९४० सालची अन कागदावर आईबाप, आज्जा-पणजा सगळं. १९३२ ला जन्मलेला ड्रिफ्टवूड म्हणून घोडा होता, आज पण फासवाली माणसं त्याचं रक्त कागदात शोधतेत. जो हॅनकॉक म्हणून दुसरा, त्याची आई निम्मी पर्शरॉन, म्हणजे ओझं ओढणारी जाड जात. आपल्याकडं असली आई कुणी फ्लेक्सवर लावली नसती, पण त्याच्या वंशाचं हाड अन जोर तिकडनं आला असं तिथली माणसं उघड सांगतेत, फासातलं जनावर रोखून धरायला घोड्यात वजन लागतंयच.

अन तिथल्या स्कॅम्पर घोड्याची गोष्ट तर आपल्या बैलांचीच वाटते. शार्मेन जेम्स या पोरीनं त्याच्यावर बसून पिंपांच्या शर्यतीत १९८४ ते १९९३ सलग दहा वेळा जगज्जेतेपद मारलं. अन घोडा खच्ची. म्हणजे वंश तिथंच संपला. शेवटी २००६ ला त्याचा क्लोन, म्हणजे त्याच्याच पेशीतनं हुबेहूब दुसरा, जन्माला घातला, पैदाशीसाठी. आपल्याकडं किती चांगले खोंड औताला लावायचे म्हणून खच्ची झाले अन मग मोठेपणी पळाले, त्यांचा क्लोन कोण करणार? त्यात २०१४ ला कोर्टानं शर्यती बंद केल्या त्या डिसेंबर २०२१ ला परत सुरू झाल्या, मधल्या वर्षांत कुठला खोंड पळतोय हे उघड मैदानावर कळायची सोयच नव्हती, निवड कशावर करणार, रंगावर अन शिंगावर. या गोठ्याचं म्हणून मला मान्य आहे की वळू निदान पळून आलाय, नुसता पांढराशुभ्र दिसतोय म्हणून उभा केलेला नाही.

पण एक गोष्ट त्यांना तोंडावर सांगितली अन इथं पण सांगतो. तालुक्यातल्या निम्म्या गाई या एकाच वळूकडं यायला लागल्यात, तीन-चार वर्षात त्याच्याच कालवडी माजावर येणार अन परत त्याच्याकडंच येणार. क्वार्टर हॉर्समधी इम्प्रेसिव्ह म्हणून १९६९ चा देखणा घोडा, सगळ्यांना त्याचीच पैदास पायजे होती, त्याच्या रक्तातनं स्नायूंचा एक आजार हजारो घोड्यांत पसरला, आता तिथं टेस्ट केल्याशिवाय त्या वंशाचं शिंगरू नोंदवत नाहीत. आपल्या या मालकाकडं वही आहे, पण त्यात फक्त उधारी. गाईच्या कानातला बारा आकडी टॅग नंबर तेवढा लिहा म्हटलं, तारीख अन नंबर, दोन मिनिटाचं काम. हसले. अर्धा स्टार त्या हसण्याचा.

आणि ब्रुसेलाच्या तपासणीचा कागद मागितला तर "डॉक्टर येऊन बघून जातेत" एवढंच. वळूकडनं हा गाभ टाकायचा रोग गाईला येऊ शकतो अन गाईकडनं वळूला पण, रोज नवीन गाय येते म्हटल्यावर हा कागद भिंतीला लावलेला पायजे, ढालींच्या शेजारी. याचा पूर्ण एक कापलाय.

आमची गाय गाभण आहे, डॉक्टरांनी हात घालून बघितलं. खोंड होतोय का कालवड ते देवाच्या हातात, अन कालवड झाली तर मी नाराज नाही, आईची वही आमच्याच गोठ्यात सुरू करीन.

जाणार असाल तर सकाळी माज दिसला की लगेच फोन करा, संध्याकाळचा नंबर मिळतो. उन्हाळ्यात दुपारी नेऊ नका, माळाला सावली नाही. टेम्पो थेट खोड्यापर्यंत जातो. आपला कासरा न्या, त्यांचा जुना झालाय.